पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोकचा पुनर्जन्म

कंपन्यांनी बंद केलेली इंजिने नव्या अॅल्युमिनियम सांगाड्यात बसवून मातीत धावणाऱ्या मोटरसायकली उभ्या करण्याचा छंद अमेरिका आणि युरोपात गेली काही दशके टिकून आहे. या उद्योगात तंत्र किती, जोखीम किती आणि हट्ट किती, याचा हा वेध.

मराठी मुलखात 'टू-स्ट्रोक' म्हटले की चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना हमखास दोन गोष्टी आठवतात. पेट्रोल पंपावर दांडा ओढून पेट्रोलात मिसळले जाणारे निळे किंवा हिरवे टू-टी तेल ही एक, आणि रात्रीच्या शांततेत दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येणारा यामाहा आरएक्स १०० चा टणत्कार ही दुसरी. १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीचे इंजिन अवघे ९८ सीसीचे आणि ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. तरीही सिग्नलवरून सुटताना ती भल्याभल्यांना मागे टाकत असे.

आता अशी कल्पना करावी, की जवळपास तेवढ्याच वजनाच्या गाडीत पाचपट मोठे इंजिन बसवले आहे. सिलिंडर एकच, पण त्याची क्षमता ४९१ सीसी. ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. बॅटरी नाही, सेल्फ स्टार्ट नाही, दिवा नाही, आरसा नाही. होंडा सीआर ५०० आर ही मोटोक्रॉससाठी बनवलेली गाडी नेमकी अशी होती. १९८४ ते २००१ या काळात ती तयार झाली आणि नंतर बंद पडली. कावासाकीची केएक्स ५०० ही तिची प्रतिस्पर्धी २००४ पर्यंत तग धरून होती. त्यानंतर एकाही मोठ्या जपानी कंपनीने पाचशे सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाइक बनवलेली नाही.

गाड्या बंद झाल्या, त्यांची ओढ मात्र संपली नाही. त्यातूनच जुने इंजिन आणि नवा सांगाडा यांचा संकर करण्याची प्रथा रुजली. होंडाचे इंजिन अॅल्युमिनियमच्या आधुनिक फ्रेममध्ये बसवलेल्या अशा गाडीला 'सीआर ५०० एएफ' म्हणतात. 'एएफ' ही 'अॅल्युमिनियम फ्रेम'ची आद्याक्षरे. होंडाच्या कारखान्यातून या नावाची गाडी कधीच बाहेर पडली नाही. ती घडते ती गॅरेजमध्ये आणि लेथच्या कारखान्यात.

एका फेरीत एक स्फोट

चार टप्प्यांच्या इंजिनात, म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये, क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना इंधनाचा एक स्फोट होतो. आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि बाहेर टाकणे या चार क्रियांसाठी पिस्टनला चार हालचाली कराव्या लागतात. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम दोन हालचालींत उरकले जाते. त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. सारख्याच आकाराच्या इंजिनातून टू-स्ट्रोकला जास्त ताकद का मिळते, याचे सोपे उत्तर येथे आहे.

दुसरा फायदा वजनाचा. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि त्यांना फिरवणारी साखळी नसते. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कोरलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना या खिडक्या आपोआप उघडतात आणि मिटतात. वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. साधारण ३२ ते ४० भाग पेट्रोलाला एक भाग तेल, असे प्रमाण या मोठ्या इंजिनांसाठी प्रचलित आहे. हे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरते, तेथील बेअरिंगना तेल पाजते आणि मग सिलिंडरमध्ये वर चढते.

या साधेपणाची किंमतही आहे. ताजे मिश्रण आत येत असतानाच धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असते. त्यामुळे काही इंधन न जळताच निसटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास जाऊ शकते. निळसर धूर, तेलाचा वास आणि घटलेले मायलेज यांचे मूळ येथे आहे. पुढे प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोकला घेरले तेही याच मुद्द्यावर.

पुंगळीचे रहस्य

मोटोक्रॉसची टू-स्ट्रोक पाहिली की डोळ्यांत भरते ती तिची फुगीर पुंगळी. इंजिनापासून निघालेली नळी हळूहळू रुंद होते, पोटाशी फुगते, पुन्हा निमुळती होते आणि मग सायलेन्सरला मिळते. हा आकार शोभेचा नाही. धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून पुढे जाते. रुंद होत जाणाऱ्या भागातून ओढीची लाट मागे फिरते आणि सिलिंडरमधील उरलासुरला धूर खेचून घेते. निमुळत्या भागावर आपटून परतणारी लाट मात्र दाबाची असते. ती बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, आणि त्याच क्षणी पिस्टन खिडकी बंद करतो. वेळ जमली तर हवेची लाटच इंजिनात जादा इंधन कोंबण्याचे काम करते.

या तंत्राला शास्त्रशुद्ध रूप देण्याचे श्रेय पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांना दिले जाते. त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान त्याच्यासोबत जपानच्या सुझुकीकडे पोहोचले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. त्यानंतरची तीसेक वर्षे शर्यतींच्या जगावर टू-स्ट्रोकचे राज्य होते.

पुंगळीची लांबी आणि तिच्या पोटाचे आकारमान यांवर इंजिन किती फेऱ्यांना सर्वाधिक जोर देईल हे ठरते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण गाडी जुळवताना सर्वात मोठा घोळ याच पुंगळीपाशी होतो.

राजेपद गेले कसे

मोटोक्रॉसमध्ये पाचशे सीसी हा एकेकाळी मानाचा गट होता. या गटात टू-स्ट्रोकवर पहिले विश्वविजेतेपद १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रिडरिश यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर मिळवले. बेल्जियमचे रॉजर डी कोस्टर यांनी सुझुकीवर १९७१ ते १९७६ या काळात पाच वेळा हा किताब जिंकला. १९८० च्या दशकात होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांच्यात या गटासाठी चुरस होती. ब्रिटनचे डेव्हिड थॉर्प यांनी होंडावर १९८५, १९८६ आणि १९८९ असे तीन किताब पटकावले. मेक्सिकोतील बाहा वाळवंटाच्या हजार मैलांच्या शर्यतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कावासाकी केएक्स ५०० चा दबदबा होता.

मग घसरण सुरू झाली. पाचशेची ताकद इतकी वाढली की बंदिस्त ट्रॅकवर ती पूर्णपणे वापरणे बहुतेक स्वारांच्या आवाक्याबाहेर गेले. २५० सीसीची गाडी हलकी होती, चपळ होती आणि पाऊण तासाच्या शर्यतीत हात कमी थकवत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेतील पाचशेचा गट १९९३ च्या हंगामानंतर बंद झाला. त्याच वर्षी जागतिक मालिकेत बेल्जियमच्या जॅकी मार्टेन्स यांनी फोर-स्ट्रोक हुस्कवर्नावर पाचशेचे विजेतेपद घेतले आणि वारे फिरल्याचे स्पष्ट झाले.

यामाहाने १९९७ मध्ये नव्या पिढीची चारशे सीसी फोर-स्ट्रोक शर्यतीत उतरवली आणि १९९८ च्या मॉडेलपासून ती बाजारात आणली. टू-स्ट्रोकच्या २५० समोर फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट आकाराचे इंजिन वापरण्याची नियमांनी मुभा दिली होती. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी धुराचे नियमही कडक केले. होंडाने सीआर ५०० च्या विकासावर खर्च करणे केव्हाच थांबवले होते. तिचे इंजिन शेवटच्या वर्षांत जवळजवळ आहे तसेच राहिले. १९९७ मध्ये होंडाने २५० च्या गाडीला अॅल्युमिनियमची फ्रेम दिली, पण पाचशेला ती कधीच मिळाली नाही. शेवटपर्यंत तिचा सांगाडा पोलादीच राहिला.

संकराची कल्पना याच उणिवेतून जन्मली. इंजिन अजूनही अजोड, पण फ्रेम, सस्पेन्शन आणि ब्रेक मागच्या पिढीचे. दुसरीकडे, नव्या गाड्यांचे सांगाडे उत्तम. मग दोन्ही एकत्र का आणू नयेत, असा प्रश्न कारागिरांना पडला.

जुने हृदय, नवा देह

या कामासाठी दोन गाड्या लागतात. इंजिनासाठी सीआर ५०० आणि देहासाठी होंडाचीच सीआर २५० किंवा सीआरएफ ४५०. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील सर्व्हिस होंडा या विक्रेत्याने अशा गाड्या मागणीनुसार बनवून विकल्या. कावासाकीच्या केएक्स ५०० इंजिनावरही असेच प्रयोग झाले. पण बहुसंख्य संकर आजही हौशी मंडळी आपल्या गॅरेजमध्येच करतात.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. इंजिन उतरवायचे, दुसरे चढवायचे, चार बोल्ट आवळायचे. प्रत्यक्षात मोटरसायकलचे इंजिन हे फ्रेममध्ये नुसते ठेवलेले ओझे नसते. ते सांगाड्याचाच एक भाग असते.

सुरुवात मागच्या बाजूने होते. मागचे चाक धरणारा स्विंगआर्म ज्या जाड बोल्टवर हलतो, तो बोल्ट इंजिनाच्या मागच्या भागातून आरपार जातो. म्हणजे इंजिनाची जागा या एका बिंदूने ठरते. नव्या फ्रेममधील आतली रुंदी आणि जुन्या इंजिनाची रुंदी जुळत नसेल तर इंजिनाची पेटी, स्विंगआर्म किंवा दोन्ही खरवडून जागा करावी लागते. येथे दोन मिलिमीटरची चूकही महागात पडते. इंजिनाचे छोटे स्प्रॉकेट आणि मागच्या चाकाचे मोठे स्प्रॉकेट एका रेषेत आले नाहीत, तर चेन तिरकी धावते, झिजते आणि साठ अश्वशक्तीच्या ओढीखाली तुटू शकते. तुटलेली चेन इंजिनाची पेटी फोडू शकते, स्वाराच्या पायालाही ती सोडत नाही.

मागचा बोल्ट बसला की त्याभोवती इंजिन पुढे-मागे कलवून योग्य कोन शोधला जातो. हा खेळ चार अडथळ्यांच्या मधला असतो. पाचशेचे सिलिंडर उंच असल्याने वर फ्रेमचा कणा आणि पेट्रोलची टाकी आडवी येते. मागे कार्ब्युरेटर शॉकअॅब्सॉर्बरला टेकतो. पुढे पुंगळीला फ्रेमची उतरती नळी अडवते. उजवीकडे किकचा दांडा पूर्ण फिरतो की फ्रेमवर आपटतो, हे पाहावे लागते. एक अडचण सोडवावी तर दुसरी उभी राहते. म्हणून जाणकार कारागीर कापाकापी करण्यापूर्वी रिकामी इंजिनपेटी फ्रेममध्ये बसवून पुठ्ठ्याचे नमुने कापतात आणि सगळी मापे घेऊन ठेवतात.

अॅल्युमिनियमचा धडा

कोन ठरला की इंजिन धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे माउंट, नव्याने बनवाव्या लागतात. काही जोडण्यांत फ्रेमच्या खालच्या कवेचा भाग कापून पुन्हा जोडावा लागतो. खरी जोखीम येथे आहे.

पोलाद वेल्ड करणे गल्लीतल्या फॅब्रिकेटरलाही जमते. अॅल्युमिनियमचे तसे नाही. मोटरसायकलच्या फ्रेममधील अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने सांध्यालगतची ती ताकद उतरते. वरून सांधा सुबक दिसतो, पण त्याच्या कडेचा धातू मऊ पडलेला असतो. त्यावर एकाच सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाची थरथर येऊन आदळते. सीआर ५०० मध्ये कंपने शोषणारा बॅलन्सर नाही. पोलाद वाकून इशारा देते, थकलेले अॅल्युमिनियम मात्र अनेकदा फारशी पूर्वसूचना न देता तडकते. उंच उडीनंतर जमिनीवर उतरताना फ्रेम दुभंगली तर काय होईल, याचे वर्णन करण्याची गरज नाही.

म्हणून दोन नियम पाळले जातात. शक्य तेथे वेल्डिंग टाळायचे आणि बोल्टने आवळता येतील अशा जाड पट्ट्या वापरायच्या. वेल्डिंग अटळच असेल तर अनुभवी टिग वेल्डरकडूनच ते करून घ्यायचे आणि नंतर त्या भागावर योग्य ती उष्णता प्रक्रिया करायची. सिलिंडरच्या डोक्याला फ्रेमशी बांधणारी वरची पट्टी, म्हणजे हेड स्टे, दिसायला किरकोळ असते. पण ती नसेल तर इंजिन सगळा जोर खालच्या माउंटवर काढते. प्रत्येक फेरीनंतर फ्रेम धुऊन सांधे बोटाने आणि भिंगाने तपासण्याची सवय या छंदात शहाणपणाची मानली जाते.

पुंगळीचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. मूळ पुंगळी जुन्या पोलादी फ्रेमच्या मापाची. नव्या फ्रेममध्ये ती रेडिएटरला किंवा उतरत्या नळीला घासते. घाईतला कारागीर ती ठोकून चेपटी करतो किंवा एखादा तुकडा कापून टाकतो. लाटांची वेळ ज्या लांबीवर आणि पोटावर अवलंबून आहे, तीच बदलली की इंजिनाचा स्वभाव बिघडतो. जाणकार मात्र पुंगळीचे तुकडे करून, मधल्या रेषेची लांबी कायम ठेवून, केवळ वळणे बदलतात.

इंजिनाची तयारी

सीआर ५०० चे सर्वात 'तरुण' इंजिनही आता दोन दशकांहून अधिक जुने आहे. त्यामुळे ते आहे तसे नव्या फ्रेममध्ये टाकणे म्हणजे नव्या घराला वाळवी लागलेली दारे बसवण्यासारखे. क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, तेलाचे सील, पिस्टन आणि रिंग बदलल्या जातात. सिलिंडर घासला गेला असेल तर बोअर करून त्या मापाचा मोठा पिस्टन बसवला जातो.

त्यानंतरची एक चाचणी मात्र अनेक जण टाळतात आणि पस्तावतात. इंजिनाची आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची तोंडे बुचांनी बंद करून आत सुमारे सहा पौंडांचा हवेचा दाब भरायचा आणि काही मिनिटे काटा हलतो का ते पाहायचे. काटा खाली आला तर कोठेतरी गळती आहे. टू-स्ट्रोकमध्ये गळती म्हणजे फुकटची हवा आत शिरणे. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पेट्रोलाबरोबर येणारे तेलही कमी पडते. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. यालाच आपल्याकडचे मेकॅनिक 'इंजिन सीझ झाले' म्हणतात. पाच रुपयांच्या फाटलेल्या गॅस्केटपायी हजारो रुपयांचे इंजिन जाते ते असे.

कार्ब्युरेटरचे जेट निवडणे हाही सबुरीचा भाग. थंड हवेत, समुद्रसपाटीवर आणि उंच डोंगरावर हवेची घनता वेगळी असते. प्लग काढून त्याचा रंग पाहण्याची जुनी पद्धत येथेही चालते. पांढरट प्लग धोक्याचा, काळा ओला प्लग जादा पेट्रोलाचा आणि चॉकलेटी प्लग समाधानाचा.

पहिली किक

गाडी उभी राहिली की तिला जागे करायचे असते, आणि ते काम पायानेच करावे लागते. पाचशे सीसीच्या एकाच सिलिंडरमधील दाब मोडून काढणे हा ताकदीपेक्षा युक्तीचा भाग आहे. किक हळूहळू दाबत पिस्टन सर्वात वरच्या बिंदूपाशी आणायचा, तो बिंदू जेमतेम ओलांडायचा, दांडा पुन्हा वर घ्यायचा आणि मग शरीराचे सगळे वजन टाकून न अडखळता शेवटपर्यंत किक मारायची. अर्धवट मारलेली किक इंजिन उलटे फेकते. आरएक्सची उलटी किक पोटरीला झिणझिण्या आणत असे. पाचशेची उलटी किक घोटा मोडू शकते. म्हणूनच जाड तळव्याचे मोटोक्रॉस बूट घातल्याखेरीज हिला किक मारू नये, असा संकेत आहे.

सुरू झाल्यावर तिला तापू द्यावे लागते. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी गरम होऊन फुगतो आणि सिलिंडर मागे राहतो. या काही मिनिटांच्या घाईत अनेक इंजिने सीझ झाली आहेत.

चालवण्याची रीतही निराळी. छोटी टू-स्ट्रोक किंचाळत ठेवावी लागते. गिअर सतत बदलून तिला वरच्या फेऱ्यांत धरावे लागते. पाचशेचा जोर मात्र खालूनच सुरू होतो आणि साधारण सहा हजार फेऱ्यांच्या आसपास तो शिगेला पोहोचतो. त्यामुळे अनुभवी स्वार एक गिअर वरचा वापरतात आणि अॅक्सिलरेटर झटक्याने न उघडता मुठीत हळूहळू वळवतात. झटका दिला तर मागचे चाक माती उधळत एका बाजूला पळते किंवा पुढचे चाक आकाशाकडे उठते. मागचे स्प्रॉकेट कमी दातांचे लावून गाडीचा उतावळेपणा कमी करण्याचा उपायही केला जातो.

उतारावरही सावध राहावे लागते. फोर-स्ट्रोकमध्ये अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी आवरते. टू-स्ट्रोकमध्ये हा आधार फार थोडा. सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय लांब उतारावर अॅक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरमध्ये पळवली, तर इंजिन वेगाने फिरत राहते पण पेट्रोल जात नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. म्हणून जुने स्वार एक बोट कायम क्लचवर ठेवतात. इंजिन अडखळल्याची चाहूल लागताच क्लच दाबला, तर मागचे चाक जागीच अडकून होणारा अपघात टळू शकतो.

अशी गाडी शोभते कोठे? वळणावळणांच्या अरुंद ट्रॅकवर नव्हे. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल भागातील वाळूच्या टेकड्या, बाहाचे वाळवंट, उभ्या डोंगरावर चढण्याच्या शर्यती आणि फ्रान्समध्ये तुके येथे १९७५ पासून होणारी समुद्रकिनाऱ्यावरची शर्यत, ही तिची खरी मैदाने. वाळूत जेथे लहान इंजिन रुतते आणि दम तोडते, तेथे पाचशे तरंगत जाते. तिला जागा लागते आणि चालवणाऱ्याला संयम.

आपल्याकडचे चित्र

सीआर ५०० किंवा केएक्स ५०० भारतीय बाजारात अधिकृतपणे कधी आल्या नाहीत. भारतीयांनी पाहिलेली मोठी टू-स्ट्रोक म्हणजे एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली राजदूत ३५०. तिचीही ताकद तीस अश्वशक्तीच्या घरातली, म्हणजे पाचशेच्या निम्मी, आणि तीही दोन सिलिंडरमधून. पुणे आणि नाशिकच्या मातीच्या स्पर्धांत आरएक्स १०० आणि सुझुकी शोगन यांची इंजिने खुलवण्याची परंपरा मात्र जुनी आहे. पोर्ट घासणे, पुंगळी हाताने वळवून बनवणे, जेट बदलणे या कलांत तेथील मेकॅनिक तरबेज झाले. तत्त्व तेच, आकार लहान.

रस्त्यावर मात्र असे प्रयोग करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीकृत वाहनात निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीची जागा ट्रॅकवर किंवा खासगी जमिनीवर. तेथवर ती टेम्पोतूनच न्यावी लागते.

टू-स्ट्रोकचे तंत्र पूर्णपणे अस्तंगत झाले, असेही नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएमने २०१७ मध्ये इंधन फवारणाऱ्या यंत्रणेसह तीनशे सीसीच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाड्या आणल्या. त्यांत धूर कमी, तेल आपोआप मिसळते आणि बटण दाबले की इंजिन सुरू होते. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये या कंपनीत हिस्सा घेतला होता. २०२५ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या केटीएमचे नियंत्रण बजाजकडे आले. एकेकाळी टू-स्ट्रोक चेतकने घराघरांत पोहोचलेली कंपनी आज जगातल्या प्रमुख टू-स्ट्रोक डर्ट बाइक निर्मात्याची मालक आहे, हा योगायोग लक्षणीय आहे.

हिशेब कशाचा

व्यवहाराच्या तराजूत ही संकरित गाडी टिकत नाही. दोन जुन्या गाड्या, यंत्रकाम, सुटे भाग आणि महिनोन्‌महिन्यांचे श्रम यांची बेरीज केली, तर तेवढ्या पैशांत अनेकदा कोरी गाडी येते. ती गाडी हमीसह मिळते आणि बहुतेक स्वारांना ट्रॅकवर ती अधिक वेगवानही ठरते. सुटे भाग दुर्मीळ होत चालले आहेत. धुराच्या प्रश्नावर टू-स्ट्रोकची बाजू घेणे कठीण आहे.

तरीही हे काम करणाऱ्यांना एक गोष्ट मिळते, जी शोरूममधून मिळत नाही. आपल्या गाडीतील प्रत्येक बोल्ट कोठे आहे, तो तेथे का आहे आणि तो सुटला तर काय होईल, हे त्यांना ठाऊक असते. बंद पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या काळात असे ज्ञान दुर्मीळ होत आहे. पुठ्ठ्याच्या नमुन्यापासून पहिल्या किकपर्यंतचा प्रवास हाताला माप शिकवतो आणि मनाला सबुरी.

या छंदात उतरू पाहणाऱ्यांसाठी जाणकारांचा क्रम ठरलेला आहे. आधी लहान टू-स्ट्रोक उघडून पुन्हा जुळवायला शिकावे, मग दाबाची चाचणी आणि जेटिंग आत्मसात करावे, वेल्डिंगचे काम मात्र त्यातील तज्ज्ञाकडेच सोपवावे. आणि हेल्मेट, छातीचे कवच, मानेचा आधार, गुडघ्याचे पट्टे व बूट यांचा खर्च गाडीच्या खर्चाआधी वेगळा काढून ठेवावा. इंजिन पुन्हा बोअर करता येते, फ्रेम पुन्हा जोडता येते. स्वाराच्या मणक्याला मात्र ओव्हरसाइज पिस्टनची सोय नसते.